वळणावरची शीळ

ती लाल घोडी माझ्याकडून गेल्याला आता बरेच दिवस झाले, तरी सोलापुरात घोड्यांचा विषय निघाला की कोणी ना कोणी विचारतंच, "उस्ताद, एवढी जिंकणारी घोडी सोडली कशी?" मी सोडली नाही. ती नेली. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी मी पुढे बोलत नाही.

माझे वडील स्टेशनवर टांगा हाकायचे. रिक्षा आल्या, टांगा बसला, आणि घरात एक म्हातारा घोडा आणि मी उरलो. मला कोणी गुरू भेटला नाही. जे शिकलो ते बाजारात उभं राहून, घोड्यांच्या आणि माणसांच्या लाथा खाऊन. आज अक्कलकोट रस्त्याला माझा तबेला आहे आणि लोक लांबलांबून घोडी आणून बांधतात. मी शिकवतो ती रवाल चाल. एका अंगाचे दोन्ही पाय एकदम टाकत घोडं असं पळतं की वर बसलेल्याच्या हातातला चहासुद्धा सांडू नये. शर्यतीत याच चालीने पळायचं असतं. वेग कितीही घ्या, पण घोडं चौखूर दौडीवर गेलं की चाल मोडली. पंच झेंडी टाकतात आणि घोडं बाद.

ही घोडी मी नातेपुत्याच्या एका बागायतदारासाठी घेतली होती. पैसा त्यांचा, नजर माझी. बाजारात तिच्यापुढे गिऱ्हाईक थांबत नव्हतं, कारण तिच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. असली घोडी मालकाला रडवते असं जुने लोक म्हणतात. भोवऱ्याने पाय अधू होत नाहीत हे मला माहीत होतं, पण विकणाऱ्यापुढे मी तोंड असं पाडलं की त्यालाच माझी दया आली. भाव ठरवताना रुमालाखाली आमची बोटं बराच वेळ भांडली. दोनदा मी हात झटकून निघालो, दोनदा त्याने मागे बोलावलं. बागायतदार मालकांचा मेहुणा सोबत होता. तो एकसारखा म्हणत होता, "दाजी, ही खोडीची हाय. दारात नगं." तेव्हापासून तो माणूस माझ्या मनातून उतरला.

घोडी शिकवायला मला दोन हिवाळे लागले. माझी एक पद्धत आहे. रवाल चालीत घोडं सतत आवरलेलं असतं, त्याने ते आंबतं. म्हणून रोजचा सराव संपला की मी दोन बोटं तोंडात घालून लांब शीळ मारतो, माझा धाकटा भाऊ लगाम सैल सोडतो, आणि घोडीने विहिरीपर्यंत हवं तसं दौडायचं. ही तिची बक्षिसी. दुसरे उस्ताद असं करत नाहीत. मालक रविवारी यायचे, बाजेवर बसून चहा प्यायचे आणि ती दौड बघून मांडीवर थाप मारायचे. "उस्ताद, ह्याच्यासाठीच मी येतो की! ती रवाल-बिवाल तुमची तुमाला."

लागोपाठ चार मैदानं तिने मारली. मग कुर्डुवाडीजवळच्या मैदानात सगळ्यांच्या पुढे असताना वळणावर तिची चाल मोडली. बाद. मी समजलो, होतं एखाद्या वेळी. पुढच्या मैदानात पुन्हा तेच, पुन्हा वळणावर. आणि सरावात मात्र ती एकदाही मोडत नव्हती.

तेव्हा मला कळलं की कोणीतरी आत हात घातला आहे. पहिला संशय नालबंदावर. तो आमच्याकडे नाल ठोकतो आणि आमच्याशी हरणाऱ्यांकडेही. मी नाल उपटून दुसऱ्याकडून बसवले, तर तो दारात येऊन म्हणाला, "क्या उस्ताद, हमारे हाथ को कीड़े लगे क्या?" मी म्हणालो, "लागले असतील तर कळेल." मग पेंड बदलली. पाणी घरून नेऊ लागलो. स्वार माझा सख्खा भाऊ, तरी त्याच्या टाचांकडे मी बघू लागलो. त्याने ते ओळखलं आणि दोन दिवस वेगळा जेवला.

इकडे मालकांना माझाच संशय. आता ते बाजेवर बसत नव्हते. गाडीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "लोक बोलत्यात, उस्तादानं मैदान इकलं."

"कोन लोक? तुमचा मेहुणा?"

"त्याचं नाव काढू नका. येत्या मोडनिंबच्या मैदानात चाल मोडली तर घोडी मी तिथनंच दुसऱ्याकडं नेनार. मोडनिंबचाच एक उस्ताद मागायलाय तिला."

म्हणजे जिला मी तबेल्याचं नाव म्हणून वाढवलं ती एका वळणावर जाणार होती.

दोन-तीन दिवसांनी भावाच्या मोबाईलवर कोणीतरी मागच्या मैदानाचा व्हिडिओ पाठवला. वळणावरून काढलेला. भाऊ घोडीचे पाय बघत होता. मी आवाज वाढवून कान लावला. ओरडा, हलगी, शिव्या, आणि त्यात एक लांब शीळ. माझी शीळ, आणि मी तर तेव्हा शेवटच्या रेषेजवळ होतो. तिच्या दुसऱ्या क्षणाला घोडी दौडीवर गेली होती.

मी भावालाही काही बोललो नाही. शीळ बदलायला महिने लागले असते. कानात कापूस घातला तर पंच काढायला लावतात. आणि खरं सांगायचं तर मला तो माणूस हातात हवा होता.

मोडनिंबला माझी नेहमीची जागा शेवटच्या रेषेजवळ. त्या दिवशी मी तिथे टोपी आणि उपरणं एका खुर्चीवर ठेवलं, म्हणजे लोकांना वाटावं आत्ता येतोय, आणि वळणावरच्या एका टेम्पोआड जाऊन थांबलो. पुढे गर्दीत मालकांचा मेहुणा होता. मी त्याच्या तोंडावरची नजर काढली नाही. धुरळा दिसला. आमची घोडी पुढे, मोडनिंबवाल्याचा पांढरा घोडा तिच्या खांद्याला. मेहुण्याचे दोन्ही हात खिशात. आणि त्याच्या शेजारी मालक टाचा उंचावून उभे. चेहरा लालबुंद. त्यांनी दोन बोटं तोंडाकडे नेली.

मी गर्दी फाडून त्यांचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. जोरात ओढलं असणार, कारण त्यांचं घड्याळ तुटून पडलं. घोडी तशीच वळणावरून गेली. मग पलीकडे हलगी कडाडली आणि आमच्या घोडीचा पुकारा झाला.

"तुमी? तुमीच चाल मोडताय तिची?" मी ओरडलो.

"मोडतोय? आरं, चेव आनतोय! शीळ मारली की कशी उडती ती! मागून पांढरा आला की मला ऱ्हावत न्हाय!"

"ती शीळ दौडीची हाय! मैदानात दौड म्हंजे बाद, हे चार वर्षं बघताय न्हवं?"

मालकांच्या तोंडावर काहीतरी आलं आणि गेलं. ते समजल्यासारखं होतं की सापडल्यासारखं, ते मला तेव्हाही कळलं नाही. तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "दाजी, चारचौघांत हाताला धरलं तुमच्या. जनावर राखनाऱ्यानं." झालं. मालक त्यांच्या गावचे मोठे, भोवती त्यांचेच सोयरे. ते म्हणाले, "माफी मागा, उस्ताद. हितंच."

मी माफी मागितली नाही. मी अट घातली. घोडी माझ्याकडे राहील, पण मैदानाच्या दिवशी मालकांनी वळणावर यायचं नाही, माझ्याशेजारी शेवटच्या रेषेवर बसायचं. यापेक्षा खाली मी उतरलो नसतो. ते म्हणाले, "माझ्याच घोडीला मी हाक मारायची न्हाय? मग ती माझी कसली?" तिथून पुढे आमचा दोघांचाही आवाज चढला. घोडी जिंकली होती, फेटे बांधायला माणसं बोलावत होती, आणि आम्ही जिंकलेले दोघे एकमेकांच्या अंगावर जात होतो.

चौथ्या दिवशी पिकअप दारात आली. घोडी फळीवर पाय ठेवेना. मोडनिंबच्या उस्तादाने चाबूक हातात घेतला तेव्हा मी तो काढून घेतला आणि तिला स्वतः वर चढवलं. तो म्हणाला, "तुमच्या हाताखालची काय खूण-बिण असंल तर सांगा की."

"काय न्हाय," मी म्हणालो. "गरीब घोडी हाय." शिळेचं मी सांगितलं नाही.

मालक पिकअपबरोबरच आले होते. ते ड्रायव्हरशेजारी बसले. गाडी अक्कलकोट रस्त्याला लागली तेव्हा ते पुढे बघत नव्हते. सगळं अंग वळवून मागच्या काचेला तोंड लावून ते घोडीकडे बघत होते. भाऊ म्हणाला, "अण्णा, त्या मानसाचा जीव हाय तिच्यावर. मुद्दाम न्हाय केलं त्यानं." असेल. पण चार वर्षं मैदानं बघितलेल्या माणसाला दौडीने घोडं बाद होतं हे ठाऊक नसतं, आणि नेमका मोडनिंबवाला आधीच मागणी घालून बसलेला असतो, हे मी अजून पचवलेलं नाही. मी भावाला म्हणालो, "तबेला झाड." आणि दार लावून घेतलं.