सोनेरी लाव्यांची जोडी

मी पाचवीत शाळा सोडली. तरी आमच्या सांडोर गावात सोनेरी लावे पहिल्यांदा माझ्याच घरी निपजले, कुणालाही विचारा.

लावा म्हणजे मुठीत मावेल एवढा पक्षी. रानातला धरायला बंदी आहे. हे जपानी जातीचे, पिंजऱ्यात पाळायचे. बाजारात त्यांना बटेर म्हणतात. लोक पाळतात ते अंड्यांसाठी, खाण्यासाठी. रंगासाठी पाळणारे थोडे. साधा लावा तपकिरी, सुक्या पाल्यात बसला तर दिसायचा नाही. सोनेरी मात्र झोडलेल्या पेंढ्यासारखा, ऊन पडलं की चमकतो. तुळिंजला एका बिल्डिंगच्या गॅलरीत मी तो पाहिला आणि एक नर, चार माद्या बुटांच्या खोक्यात घालून घरी आणल्या.

"वाडीतली केळी कमी पडली वाटतं," बायको म्हणाली.

"केळी पण राहणार आणि हे पण राहणार," मी म्हटलं. दोन्ही राहिलं.

उबवायची पेटी मी स्वतः केली. मासळीचा थर्माकोलचा खोका आणला, धुऊन तीन दिवस उन्हात टाकला, आत बल्ब, छोटा पंखा आणि ऊब वाढली की बल्ब बंद करणारं बटण बसवलं. सतरा-अठरा दिवसांत अंडं फुटतं. तोवर अंडी रोज फिरवावी लागतात, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. मी प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीनं क्रूस काढायचो आणि चर्चची घंटा झाली की फिरवायचो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दुपारच्या घंटेला मी वाडीत असतो, म्हणून ती पाळी सुनेची. ती घरीच लग्नाचे गाऊन शिवते, बारीक मणी टाचते, तिच्या हातून अंडं फुटायचं कारण नव्हतं.

पहिल्यांदा चाळीस अंडी लावली. नर सोनेरी, माद्या सोनेरी, तेव्हा पिल्लं सगळी सोनेरी निघणार यात मला शंकाच नव्हती. राजेळी केळीचा मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेलं रोप, लावला की राजेळीच येते. पन्नास वर्षं मी मुनवे लावतोय, एकदासुद्धा दुसरं काही आलेलं नाही.

आठव्या दिवशी अंडी बॅटरीच्या उजेडावर धरली. जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. दहा अंड्यांत नुसता काळपट डाग. आणि अठराव्या दिवशी जी पिल्लं निघाली त्यांतली नऊ चक्क तपकिरी, पट्टेवाली. तपकिरी पिल्लांसाठी मी तुळिंजवाल्याला शिव्या घातल्या, त्यानं भेसळ दिली म्हणून. मेलेल्यांचा आळ घेतला सुनेवर.

"दुपारी झाकण किती वेळ उघडं ठेवतेस?"

"फिरवायला लागतो तेवढाच वेळ, पप्पा."

"फोन कानाला लावून फिरवतेस."

"अंड्यांना दोन हात लागतात. फोन काय पायानं धरू?"

"मग दहा मेली कशी? सकाळ-संध्याकाळ तर माझा हात असतो."

ती गळ्यात मापाची टेप घालून उभी होती. टेप काढून तिनं हाताला गुंडाळली. "मग दुपारचाही तुमचाच असू दे," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती पेटीकडे फिरकली नाही. रोज चारला आम्ही दोघं ओट्यावर चहा प्यायचो आणि गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढायचो. आता ती माझा कप ठेवून आत जायची.

दुसऱ्या खेपेला तिन्ही वेळा मीच अंडी फिरवली. दुपारी पाण्याचा पंप बंद करून सायकल मारत घरी यायचो. आठव्या दिवशी बॅटरी लावली तर अकरा मेलेली.

"किती गेली?" बायकोनं विचारलं.

"चार," मी म्हणालो.

सून शेजारीच कापड कापत होती, मान वर न करता. मेलेली अंडी मी टोपलीत घालून वाडीत नेली आणि एका केळीच्या बुंध्याशी पुरली. माघार घ्यायची मला सवय नाही, पण ही नुसती सवयीची गोष्ट नव्हती. खोटं होतं.

मग नराचा पाय जाळीत अडकून सुजला. त्याला वेगळा ठेवावा लागला. माद्या रिकाम्या कशाला ठेवायच्या म्हणून मी त्याच्याच पिल्लांतला एक तपकिरी नर त्यांच्यात सोडला. पुन्हा चाळीस अंडी. दोन कोरी निघाली, त्यांत जीव धरलाच नव्हता. पण मेलेलं एकही नाही. अर्धी पिल्लं सोनेरी, अर्धी तपकिरी, आणि सोनेरी मोजली तर जवळजवळ पहिल्या खेपेइतकीच.

"बघा, तुमचा हात लागला आणि सगळी जगली," बायको म्हणाली.

मी हो म्हणून मान हलवली. आत शिलाई मशीन चालू होतं ते थांबलं, आणि पुन्हा चालू झालं.

मागच्या खेपेलाही हात माझाच होता, हे फक्त मला ठाऊक. बदलला होता तो नर. पाय बरा झाल्यावर सोनेरी नर परत सोडून बघितला, तर नऊ मेली. तपकिरी सोडला, एकही नाही. म्हणजे आईबाप दोघंही सोनेरी असले की काही पिल्लांना तो रंग दोन्हीकडून मिळतो, आणि ती अंड्यातच मरतात; ज्यांना कुणाकडूनच मिळत नाही ती तपकिरी निघतात. एवढं मला शाळेशिवाय कळलं. मुनव्याला नुसती आई असते, पिल्लाला बापही असतो. मी सगळा हिशेब केळीचा लावून बसलो होतो.

कळलं, तरी महिनाभर मी तोंड उघडलं नाही.

एका रविवारी विरारहून बँकेतला एक माणूस आला. सून अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"काका, नर-मादी दोन्ही सोनेरीच द्या. प्युअर पाहिजे."

"नर तपकिरी न्या."

"खपत नाहीत म्हणून माझ्या गळ्यात मारताय का?"

"ऐका आधी," मी म्हणालो, आणि आवाज जरा मोठाच काढला. "सोनेरीला सोनेरी लावला की चाळीसात दहा मरतात. ती मेली तेव्हा मी या माझ्या सुनेवर आळ घेतला. हिला पेटीपासून लांब केलं. नंतर माझ्या एकट्याच्या हातानं अकरा मेली, ती मी घरात चार सांगितली. हिचा हात चांगला होता. जोडी मी चुकीची लावली होती."

तो माणूस एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागला. "बरं, बरं. द्या तपकिरी," म्हणाला आणि खोका घेऊन घाईनं गेला.

सुनेनं चिमटा दोरीला लावला. "अकरा नाही, बारा होती."

"अकरा."

"बारा. मांजरानं उकरली होती, मीच परत पुरली. मोजून."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"मी कशाला बोलू? चार मी सांगितली होती का?" रिकामी बादली तिनं उचलली. "आणि ऐका, पप्पा. पुढची जोडी मी लावणार. तुम्ही मध्ये पडायचं नाही."

तिनं पांढरा नर मागवला आणि तपकिरी माद्यांत सोडला. पिल्लं निघाली ती सगळी तपकिरी, एखाद्याच्या गळ्याशी पांढरा ठिपका, बस. ती म्हणते, थांबा, यांच्या पिल्लांत पांढरी येतील. माझ्या मते ती चुकते आहे आणि मी तसं तिला रोज सांगतो. पेटीला मात्र ती सांगेल तेव्हाच हात लावतो.