चौथी लाइन पोचलीच नव्हती

"झीरो फेल्ड लिहिलंय ना? मग सही करा, मॅडम."

सावंत सरांनी कागद माझ्या कीबोर्डवरच ठेवला. सर्व्हेचा सगळा डेटा नव्या स्टोरेजवर सुरक्षित पोचला, असं त्यावर छापलं होतं. खाली माझं नाव. कॉपी मात्र मी केली नव्हती. आदल्या दिवशी मी रजेवर होते, म्हणून प्रोजेक्ट मॅनेजर असूनही ती त्यांनीच उरकली होती.

"तासाभरात बघून देते," मी म्हटलं.

"बघायचं काय त्यात? टूल सांगतंय ना."

मी साजगावच्या ऑफिसात डेटा मॅनेजर आहे. आमची कंपनी जमिनीखालचे थर तपासते. लोखंडी पाटीवर घण मारायचा, हादरा खाली जातो, थरांना लागून परत येतो. शेतात एका रांगेत खोचलेले जिओफोन तो टिपतात. अशा एका रांगेला आम्ही लाइन म्हणतो. त्या हिवाळ्यात खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात आम्ही पाच लाइन घेतल्या होत्या. मागच्या पावसात तिथल्या वरच्या आळीमागे जमिनीला लांब भेग पडली होती. तिथली नऊ घरं ठेवायची की हलवायची, हे आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

फील्डवरच्या डिस्कमधून हा डेटा मोठ्या स्टोरेजवर न्यायला एक कमांड लाइन टूल आहे. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या स्क्रीनवर कुठून आणि कुठे एवढं टाइप करायचं. टूल एका वेळी सर्व्हेची एक लाइन घेतं, आधी तिच्या सगळ्या फाइलींची नावं नव्या जागेच्या यादीत चढवतं आणि मग आतला डेटा नेतं. मध्येच काम तुटलं तर नाव यादीत राहतं, डेटा मागेच. हे मी ट्रेनिंगमध्ये दर वेळी सांगते. सावंत सर त्या वेळी फोनवर असतात.

मी दोन्हीकडचे साइझ समोरासमोर मांडले. पहिल्या तीन लाइन ठीक, पाचवी ठीक. चौथीच्या निम्म्याहून जास्त फाइलींचा साइझ शून्य.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. "सर, काल कॉपी मध्ये तुटली होती का?"

"दुपारी लाइट गेली होती. मग परत चालवली."

"स्किप एक्झिस्टिंग लावून?"

"अर्थात. आधी गेलेलं पुन्हा कशाला न्यायचं?"

त्या ऑप्शनचा अर्थ असा की जे नाव यादीत आहे ते सोडून द्यायचं. चौथीची नावं यादीत होती. टूलने ती सगळी सोडली, पाचवी नेली आणि एकही कॉपी फसली नाही असं प्रामाणिकपणे कळवलं.

"चौथी रिकामी आहे," मी म्हटलं. "मी डिस्कवरून परत घेते."

सर म्हणाले, "तिसरी आणि पाचवी आहे ना? मधलं इंटरपोलेट करा."

इंटरपोलेट म्हणजे दोन्ही बाजूंना जे दिसतं त्यावरून मधल्याचा अंदाज बांधायचा. हा माणूस नऊ घरांखालची जमीन अंदाजाने भरायला सांगत होता. पण डिस्क सोडून ते अंदाजावर का आले, हे मला त्या क्षणी उमगलं. मी तशीच जिना उतरून स्टोअरमध्ये गेले.

"म्हात्रे काका, खालापूरच्या डिस्क कुठायत?"

"ह्या काय. पुढच्या सर्व्हेला निघाल्यात." स्टोअर सांभाळणारे काका पेटीला पट्टी लावत होते. "नऊ वाजता सरांचा फोन आला. सगळं पोचलंय, साफ करा म्हणाले. केल्या साफ."

आमच्याकडे डिस्क साफ करणं म्हणजे नुसतं पुसणं नव्हे. वर नवं लिहून टाकतात, कोणालाही परत काढता येऊ नये म्हणून. सरांनी डिस्क नऊला पुसल्या होत्या आणि अकराला माझी सही मागितली होती.

मी वर आले. माझा आवाज चढला.

"तुम्ही आधी पुसलंत आणि मग माझ्याकडे आलात?"

"आवाज खाली, मॅडम. स्टाफ ऐकतोय."

"ऐकू दे. ह्या कागदावर तुमचं नाव टाका, मग मी साक्षीदार म्हणून सही करते."

त्यांनी कागद उचलला आणि फाडला. मी जागेवर बसून ठाण्याच्या हेड ऑफिसला मेल केली. दोन्ही याद्या जोडल्या, फोनची वेळही लिहिली. दुपारी उत्तर आलं: चौथी लाइन परत घ्या. सरांबद्दल एक अक्षर नव्हतं.

परत घ्या म्हणजे पुन्हा गावात जायचं. चौथी लाइन बाळाराम दादांच्या वालाच्या शेतातून जात होती. पहिल्या वेळी त्यांनी हसत वाट दिली होती. आता वाल फुलावर आला होता. "मशीन बिघडलं म्हणून सांगा," असा सरांचा निरोप होता. मी सांगितलं नाही.

"आमच्या ऑफिसात चूक झाली, दादा. तुमच्या शेतातलं मोजलेलं पुसलं गेलं."

बाळाराम दादा भडकले. "चुका तुमी करायच्या आन् वाल आमचा तुडवायचा? परत कोन पुसनार नाय कशावरून? आमी हितं रोज जीव मुठीत धरून झोपतो, बाई. तुमाला खेळ हाय का?"

त्यांची बायको दारातून म्हणाली, "मोजू दे वं. वाल परत पेरता येल." दादांनी तोंड फिरवलं आणि वाट अडवणारा कुंपणाचा बेडा काढला.

या वेळी घण पडत होता तोवर मी बांधावर बसून होते. डिस्क माझ्या पिशवीतून ऑफिसात आली. कॉपी मीच केली, पण तपासायला दुसऱ्या माणसाला बसवलं.

चौथ्या लाइनखाली भुसभुशीत मातीचा जाड थर निघाला. तिसरीत तो नव्हता आणि पाचवीतही नव्हता. अंदाज बांधला असता तर तिथे पक्का खडक दाखवला असता. पावसाच्या आधी वरच्या आळीतली नऊही घरं हलवली. बाळाराम दादांचं घर त्यांतलंच. ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

सावंत सर आहेत तिथेच आहेत. डेटा कसा जपावा यावर आता तेच नवीन लोकांना लेक्चर देतात. मी मागच्या बाकावर बसते आणि दात आवळून ऐकते. त्यांच्या स्लाइडवर नसलेला एक नियम मात्र मी स्टोअरच्या भिंतीवर चिकटवला आहे: कॉपी करणाऱ्याच्या फोनवरून डिस्क पुसायची नाही. म्हात्रे काका तो वाचून दाखवतात, सरांनाही.