आमच्यात गुन्हे होत नाहीत

मामांना देशांची खोड आहे. फोनवर याद्या येतात, कुठल्या देशात किती खून, कुठे किती मारहाण, आणि चहाबरोबर ते आम्हाला ऐकवत बसतात. अमेरिकेत म्हणे भाजीला गेलेला माणूस घरी परतेल याचा भरवसा नाही. युरोपातला एक थंड, श्रीमंत देश बायकांच्या मारहाणीच्या कुठल्याशा यादीत आपल्या वर निघाला, तेव्हा तर त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी म्हटलं, "मामा, तिथे बाईला थप्पड बसली तरी ती पोलिसात जाते. म्हणून आकडा मोठा दिसतो."

"मंग? आपला समाजनी एक बी केस चौकीमा नही," मामा म्हणाले.

हे मात्र खरं आहे. सुरतेच्या उधना-भेस्तान पट्ट्यात खानदेशातून आलेली आमची पुष्कळ घरं आहेत, बहुतेक कापडाच्या लूमवर राबणारी. कोणी कोणाचं डोकं फोडलं की रविवारी बैठक बसते. पंच ऐकतात, मिटवतात, आणि चुकलेल्याने मान तुकवली की त्यालाच टॉवेल-टोपी नि नारळ देऊन मोकळे होतात. जो चौकीची पायरी चढेल त्याच्या घरच्या लग्नाला कुत्रंही जात नाही. आकडा असा खाली ठेवावा लागतो, फुकट नाही राहत.

माझ्या अक्काचं मनगट दाजींनी मोडलं ते कापडाचा तागा गुंडाळायच्या लोखंडी पाइपने. कारण काय, तर डब्यातली भाकरी गार होती. सरकारी दवाखान्यात मीच तिला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शुं थयुं, बेन?" अक्का म्हणाली, जिन्यावरून पडले. मी म्हटलं, खोटं बोलते, नवऱ्याने मारलंय. डॉक्टरीण म्हणाली, मग पोलिसांना कळवावं लागेल. तेवढ्यात मामा पोचले आणि हात जोडून म्हणाले, घरातलं आहे, रविवारी बसतोय आम्ही. डॉक्टरीणबाईंनी अक्काकडे पाहिलं. अक्काने मामा म्हणतात तसंच म्हणून मान हलवली, आणि प्लास्टर चढलं.

घरी आल्यावर अक्का माझा पदर धरून रडली. "माले तठे धाडू नको," एवढंच म्हणत राहिली. मी शब्द दिला. अडचण एकच होती, तिच्या पोरीची सुपारी फुटून लग्न ठरलं होतं.

बैठक मामांच्याच घरी. पंच सतरंजीवर, दाजी भिंतीला टेकून, इस्त्रीचा शर्ट घालून. सुरुवात अर्थातच जगापासून झाली. तिकडे बायका नवरे बदलतात, पोरं बापावर गोळ्या झाडतात, आपल्याकडे कसं सगळं माणुसकीने चालतं. तोवर मामींनी अक्कालाच चहा घेऊन पाठवलं. उजवा हात गळ्यात बांधलेला. ती एकेक कप डाव्या हाताने पुढे करत गेली. सगळ्यात म्हाताऱ्या पंचांनी हात मागे घेतला.

"डावा हातघाई चहा देस का, बहीण?"

अक्का ओशाळली. कप खाली ठेवला, प्लास्टरातून बाहेर आलेली सुजकी बोटं कपाच्या कानात घातली आणि उचलला. अर्धा चहा बशीत सांडला. त्या पंच आजोबांनी तो बशीतूनच प्यायला आणि साखर कमी असल्याचं सांगितलं. मला त्यांची ती बशी त्यांच्या टकलावर फोडावीशी वाटली. अजूनही वाटते.

मग पंचांनी अक्कालाच विचारलं, त्याने हात उचलावा असं तू केलंस काय? मी उठले. म्हटलं, तिला जायचं नाही तिकडे. मी तिला आत्ता चौकीत नेते, रिक्षा बाहेर उभी आहे. कोणी ओरडलं नाही. मामांनी अगदी मायेने अक्काला विचारलं, "बाई, तूच सांग. पोरीचं लग्न तोंडावर आलंय. तुला कोणी मारलं का?"

अक्काने माझ्याकडे पाहिलंच नाही. "मी जिनावरथीन पडनू," ती म्हणाली.

सगळ्यांनी श्वास सोडला. दाजींच्या डोक्यावर टोपी चढली, खांद्यावर टॉवेल आला. कोणीतरी टाळीही वाजवली. अक्का त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेली. त्यानंतर मी तिच्याकडे गेले की ती दार अर्धंच उघडायची. तू येऊन गेलीस की ते जास्त चिडतात, म्हणायची.

लग्न मात्र दणक्यात झालं. सगळा समाज जेवायला होता, मामा पंगतीत आग्रह करत फिरत होते. पोरीची पाठवणी करताना मी अक्काच्या अगदी मागे उभी होते. पोर गळ्यात पडून रडत होती. अक्काने वाकड्या मनगटाने तिचे डोळे पुसले आणि कानाशी लागून म्हणाली, "काही बी व्हयनं तरी दवाखानामा मावशीले संगे लई जाऊ नको."