पाचशे चाळीस ग्रेन

निवृत्तीनंतर मी आणि हवालदार दत्ता मोहिते अमिरातीत रास अल खैमाजवळच्या एका खासगी शूटिंग रेंजवर इन्स्ट्रक्टर होतो. एकाच बटालियनमध्ये चौदा वर्षं काढलेली माणसं आम्ही. मी अल कुसैसला मुलाकडे राहायचो, तो रेंजच्या खोलीत. दत्ताला पेसमेकर बसवलेला होता, डाव्या खांद्याखाली. नोकरी जाईल म्हणून मेडिकल फॉर्मवर त्याने ते लिहिलंच नाही. मला हे उशिरा कळलं.

त्या सकाळी ०६४० वाजता एक वयस्क अमिराती मेंबर काळ्या बारुदावर चालणारी, जुन्या धाटणीची टार्गेट रायफल घेऊन आले.

"सुभेदार, आज हवा वाजिद है. कौनसी गोली?"

"भारी," मी म्हणालो. वाजिद म्हणजे खूप, आणि जड गोळी वाऱ्यात कमी सरकते.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात; फौजेत आमच्या रायफलची गोळी दीडशे ग्रेनच्या आतबाहेर. ही पाचशे चाळीसची. गोळी जड, तितका धक्का मोठा. उभं राहून मारलं तर अंग मागे जातं. झोपून मारलं तर सगळा मार खांद्याला.

फौजेतली रीत अशी, की आधी उस्ताद नमुना दाखवतो, मग शिकणारा मारतो. नमुना मीच देणार होतो. दत्ता आधीच मॅटवर आडवा झाला.

"साहेब, तुमचा गुडघा सांभाळा. नमुना माझा."

तो डावखुरा, म्हणून रायफल डाव्या खांद्याला. रायफलचा मागचा दस्ता खांद्यात घट्ट ओढून घ्यायची आमची सवय हाडात मुरलेली. हीच सवय मी त्याला शिकवली होती.

पहिला राउंड. दुसरा. तिसऱ्यानंतर तो रायफलवर गाल टेकून तसाच राहिला. निशाण बघतोय, असं मला वाटलं.

"दत्ता, लोड."

हलला नाही. मी खांद्याला हात लावला. मान कलंडली.

"टॉवर, लेन तीन. सीझ फायर. मॅन डाऊन. अँब्युलन्स!"

ती येईपर्यंत मी छाती दाबत होतो. हात सुन्न झाले, थांबलो नाही. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाला, "गेले ते. धक्क्याने पेसमेकरची वायर तुटली. पेसमेकर आहे, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

गोळी मी निवडली होती.

संध्याकाळी साताऱ्याला वहिनींना फोन केला. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मशिनचं तुम्हाला सांगितलंय म्हणाले होते. साहेब आहेत, ते बघतील, असं म्हणायचे. सांगितलं होतं ना?"

खोटं बोलणारा नवरा म्हणून त्यांनी त्याला आठवावं, हे मला सोसवेना.

"हो वहिनी," मी म्हणालो. "सांगितलं होतं."