त्याचं मी सांगतो

“थांबा, त्याचं मी सांगतो.”

समोरच्याच्या खांद्यावर डावा हात आणि तोंडात हे वाक्य, असा भाऊ आमच्या कंपनीत सगळ्यांना माहीत होता. तुम्ही दवाखान्यात पोट दाखवायला बसलेले असा, पोट कुठं दुखतंय ते भाऊ सांगणार. आणि असं सांगणार, की डॉक्टर तुमच्याकडे बघायचंच विसरेल. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

भाऊ मूळचा न्हावऱ्याचा. चुलते सोसायटीत संचालक, त्यामुळे भाषण घरातच. शिक्रापूरला आमच्या कंपनीत पत्र्याचे भाग दाबणाऱ्या प्रेसवर ऑपरेटर होता. मशीन बरं चालवायचा, पण मशीनबद्दल बोलायचा त्याहून पुष्कळ बरं. एकदा आमच्या स्टोअरकीपरसाठी मुलगी बघायला त्याला बरोबर नेलं. कांदेपोहे झाले, नवऱ्या मुलाला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं भाऊनं दिली. दोन दिवसांनी मुलीकडून निरोप आला: स्थळ चांगलं आहे, पण ते बोलणारे पाहुणे लग्नाचे आहेत का, तेवढं कळवा. भाऊला तेव्हा दोन मुलं होती.

रविवारी दुपारी माझ्या खोलीवर आम्ही चार-पाच जण एक खेळ खेळायचो. मला पुण्याच्या मावसभावानं शिकवलेला. प्रत्येकानं कागदावर एक पात्र तयार करायचं आणि ठरलेले गुण ताकद, चपळाई, वाणी यांत वाटून टाकायचे. गोष्ट मी सांगायची, पात्र काय करतं ते खेळणाऱ्यानं सांगायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. पडलेल्या आकड्यात त्या गुणाचा आकडा मिळवायचा; बेरीज मोठी आली तर जमलं. बायको ह्याला शिकल्यासवरल्यांची भातुकली म्हणते. म्हणू दे.

भाऊनं दगडू नावाचा गदावाला घेतला. सगळे गुण ताकदीत, वाणी शून्य. म्हणजे स्वतःचं नाव सांगतानाही दगडूला घाम फुटायला हवा.

दत्ता भाऊच्या शेजारच्या प्रेसवर होता. वयानं लहान, बोलताना अडखळायचा. पहिलं अक्षर घशात अडकलं की मान खाली. त्यानं पात्र केलं राजदूताचं आणि वाणी ठेवली सगळ्यांत जास्त. कागद भरताना तो इतका खूश होता, की मी बघतच राहिलो.

आणि व्हायचं काय? वेशीवर पहारेकरी अडवायचा. मी विचारायचो, “राजदूत काय म्हणतो?” दत्ता म्हणायचा, “मी... मी...” की पडलाच हात खांद्यावर. “थांबा, त्याचं मी सांगतो.” मग वाणी शून्य असलेला दगडू दहा मिनिटं असा काही बोलायचा, की पहारेकरी वेस उघडून वर चहा विचारायचा. पहारेकरी म्हणजे मीच. फासा टाकायला लावायचं मला भानच राहायचं नाही. खोटं कशाला बोलू, ऐकायला मजा यायची.

महिनाभरानं दत्तानं मला चौकात गाठलं. “सर, पुढच्या रविवारपास्नं मी येत न्हाई. कंपनीत मला बोलता येत न्हाई, ते ठीक हाय. पन हितं कागदावर ल्हिलंय की येतंय. तरी न्हाईच बोलायला मिळत.” एवढं सांगायला त्याला चार-पाच ट्रक जाईपर्यंत वेळ लागला. मला माझी लाज वाटली. म्हटलं, एकदाच ये.

त्या रविवारी मी नियम केला. काय पटवायचंय तेवढंच सांगायचं, पटलं का ते फासा ठरवणार. गोष्टीत राजानं आमची माणसं कोंडून ठेवली होती. भाऊनं भाषण ठोकलं; पाणी, रोजगार, आयाबहिणी, सगळं आलं त्यात. मी म्हटलं, “टाक फासा.” पाच पडले. अधिक शून्य.

“दगडूच्या तोंडातून नुसतं ‘हूं’ निघालं,” मी जाहीर केलं. “राजाला वाटलं, ह्याला भूक लागली.”

“आवो सर, एवढं बोललो की मी!”

“तू बोललास. दगडू नाही बोलला.”

मग दत्ता. “रा... राजाला म्हन्तो, मानसं सोडा, नदीवर पूल आमी बांधून देतो.” बस. फाशावर चौदा, वर त्याची वाणी. राजा सिंहासनावरून उठला, दरबार उठला, राजदूताचा शब्द न् शब्द लोकांनी कसा झेलला ते मी रंगवून सांगितलं, आणि दत्ता मान वर करून ऐकत राहिला. मला फार बरं वाटलं.

भाऊनं दगडूचा कागद उचलून बघितला. म्हणाला, “बराबर हाय. दगड्याला कुठं बोलता येतंय?” आणि पुढचे सगळे रविवार ह्या गड्यानं नुसतं ‘हूं’ करून काढले. एकदा दगडूला साप चावला, तोही त्यानं ‘हूं’मध्येच सांगितला, आम्ही हसून लोळलो. तेव्हा मला तो मनापासून आवडला. आजही आवडतो, हीच तर पंचाईत आहे.

दिवाळीनंतर दौंडच्या पुढे, कुरकुंभला कंपनीचा नवा प्लँट निघाला. लाइन लीडरची एक जागा. भाऊ आणि दत्ता, दोघांनीही अर्ज केला. दत्ताची आई दौंडला एकटी, त्याला ती जागा हवीच होती. मुलाखत घ्यायला एचआरच्या मॅडम, प्लँटचे साहेब आणि क्वालिटीतर्फे मी.

खराब माल कमी कसा कराल, असा प्रश्न होता. प्रेसच्या साच्याची, म्हणजे डायची सेटिंग बदलून आमच्या लाइनवर तो कमी केला होता दत्तानंच. तो आत आला, “मी... मी...” मॅडमनी दोनदा पाणी विचारलं, मग घड्याळ बघितलं.

नंतर भाऊ. त्यानं तीच सेटिंग समजावून सांगितली. चोरली नाही हो, नाव घेऊन सांगितली! “आयडिया आमच्या दत्ताची. त्याला बोलता येत न्हाई, म्हणून त्याचं मी सांगतो.” मॅडम भारावल्या. केवढा मोठेपणा! साहेबांनी ‘टीम स्पिरिट’मध्ये पैकीच्या पैकी दिले. काम दत्ताचं, मार्क भाऊला, का तर त्यानं दत्ताचं नाव घेतलं.

आणि मी? माझ्याकडे ‘कम्युनिकेशन’चा रकाना होता. भाऊला नऊ, दत्ताला तीन. माझ्याच पेनानं, माझ्याच अक्षरात. रविवारी नियम करणारा शहाणा मीच, आणि सोमवारी पुन्हा तसाच ऐकत बसलो.

भाऊनं पेढे वाटले, पहिला दत्ताला. “तुझं नाव घेतलं रं आत,” म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. पुढच्या आठवड्यात सामान टेम्पोत टाकून, टेम्पोवाल्याशी बोलत बोलत तो गेला.

रविवारी त्याची जागा रिकामी होती. दत्ता वेळेवर आला. मी मुद्दाम चांगला प्रसंग काढून ठेवला होता. राणीचा दरबार, तहाची बोलणी, सगळं राजदूतावर. मी विचारलं, “राजदूत काय म्हणतो?”

दत्तानं आपला कागद माझ्यापुढे सरकवला.

“सर, ह्याची वा... वाणी खोडा. सगळे ताकदीत टाका.”

मी त्याच्याकडे बघितलं. मग खोडरबर घेतला.