शेठचं सरकीचं तेल

गावाकडच्या भावंडांनो, आम्ही गाव सोडलं त्या सकाळी तुमच्यापैकी कुणी स्टँडवर आलं नव्हतं. तेलगिरणीच्या शेठनं त्याच्याकडे राबणाऱ्या माझ्या वडिलांना, आप्पांना, भर चौकात तेलाच्या डब्यांचा चोर ठरवलं होतं. डबे त्याच्या मेहुण्यानं विकले होते, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. नंदुरबारहून गाडी सुटली तेव्हा माय एवढंच म्हणाली, "रडू नको, पन इसरू नको."

सुरतेत आप्पा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवत राहिले. मी केमिस्ट्री शिकले. माय लिंबायतच्या आमच्या खोलीतच वारली, शेवटपर्यंत चोराची बायको म्हणूनच.

आता मी सरकीच्या तेलापासून रेझिन करते. तेलाच्या रेणूंत ऑक्सिजन घालायचा, मग ते रेणू एकमेकांना जोडत न्यायचे. वाहणाऱ्या तेलाचा लवचिक थर होतो आणि रेनकोटच्या कापडावर पक्का बसतो. एरवी हा थर पेट्रोलियमपासून करतात. कृती माझी, म्हणून कच्चं तेलही मीच पास करते.

गेल्या हिवाळ्यात एक नमुना आला, आमच्याच गावच्या गिरणीचा. तपासला. तेल उत्तम होतं. आमच्या कंपनीच्या मालकांना तसंच सांगितलं आणि वर म्हटलं, "या माणसाचं घेणार असाल, तर मी उद्यापासून येत नाही."

"जेवी तमारी मरजी, बेन," मालक म्हणाले आणि त्यांनी नकार कळवला.

शेठची गिरणी बंद पडायला आली होती. नकार माझा आहे हे कळल्यावर पत्ता काढत तो आमच्या दारात आला. मला 'ताई' म्हणाला.

"आधी आप्पांशी बोला," मी म्हटलं.

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं."

शेजारच्या बाया दारात आल्या. "धनाभाऊ, तुम्ही चोरी केली नव्हती," शेठ म्हणाला. "मला तेव्हाही माहीत होतं."

आप्पा उठून दाराशी आले.

"आता तेल घ्याल ना?" शेठनं मला विचारलं.

"नाही. हे ऐकायला माझी माय राहिली नाही."

तो मान खाली घालून गेला. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

संध्याकाळी आप्पा म्हणाले, "आते गावले जाऊत." मी एकच तिकीट काढलं, त्यांचं. ते येतील तेव्हा त्यांना ओट्यावर बसवा, चहा द्या. माझी वाट बघू नका. आरोप एकट्या शेठनं केला होता, गप्प तुम्ही सगळे बसलात. माझ्या मायला खांदा दिला तो लिंबायतच्या या गल्लीनं. माझं घर इथंच आहे.