मोरीच्या वाटेवरची भिंत

आरोग्य केंद्रातली नर्स म्हाताऱ्या माणसांना तपासत घरोघर फिरते. माझ्याकडे आली तेव्हा तिने मला खुर्चीवरून उठवलं, चालून दाखवायला सांगितलं.

"आजी, तोल जातो का?"

"नाही जात."

ती माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होती. पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीवर काळपट डाग पडलेत.

"मग हे हात कोणाचे?"

"भुताचे."

ती हसली. "मग भुतासाठी दांडी बसवून घ्या. डाग आहेत तिथेच."

याच घरात मी डोक्यावर हंडा आणि कडेवर पोर घेऊन चालले. तेव्हा भिंत लागली नाही. आता दोन्ही हात रिकामे आहेत, तरी तिच्यावाचून मोरी गाठता येत नाही.

रविवारी मुलगा येणार आहे. "तोल जायला लागला की घराला कुलूप लावून तुला घेऊन जाईन," असं तो मागेच बजावून गेलाय. म्हणून नर्स गेल्यावर मी ओल्या फडक्याने डाग पुसायला घेतले. पहिला डाग घासून घासून काढला. मागे सरले तेव्हा दिसलं, शेजारीच माझ्या दुसऱ्या हाताचा ओला पंजा उमटला होता.